कार्ड एररनंतरचा पहिला अर्धा तास

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीत पोचते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या अंथरतात, मेंढ्या पालखीभोवती फेरी धरतात आणि बघता बघता सगळं उरकतं. पुढे बेलवाडीचं गोल रिंगण, मग इंदापूरचं. फोटो हुकला म्हणून कुणी पुन्हा धावून दाखवत नाही. नेमक्या अशा वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘कार्ड एरर’ किंवा ‘कार्ड फॉरमॅट करा’ असं उमटलं की हात आपसूक बटणांवर जातो. कॅमेरा बंद-चालू होतो, कार्ड काढून तोंडाने फुंकर मारून परत बसवलं जातं, आणि मागून गर्दीचा रेटा येत असताना वैतागून ‘ओके’ दाबलं जातं.

त्या ‘ओके’च्या आधी हाताशी असावं म्हणून हे लिहितो आहे. बिघडलेल्या कार्डात फोटो बहुतेक वेळा शिल्लक असतात. ते जातात पुढच्या अर्ध्या तासातल्या खटपटीत. ‘लग्नाचे फोटो उडाले’ असं सांगत कुणी आलं, तर जाणत्या माणसाचा पहिला प्रश्न ‘कार्ड कुठल्या कंपनीचं?’ हा नसतो. ‘त्यानंतर काय काय केलंत?’ हा असतो. उत्तर जितकं लांबत जातं, तितकी आशा कमी होत जाते.

म्हणून आधी हात आवरा. कॅमेरा बंद करा, लाल दिवा पूर्ण विझू द्या, कार्ड काढा. मोठं एसडी कार्ड असेल तर डाव्या कडेचा लॉकचा खटका खाली ओढा. कार्ड वेगळ्या डबीत टाका, डबीवर पेनने फुली मारा आणि दुसऱ्या कार्डावर काम सुरू करा. दुसरं कार्ड नसेल तर उरलेला प्रसंग मोबाइलवर काढा, पण त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. ‘चालतंय का बघतो’ म्हणून काढलेला एक फोटोसुद्धा नाही. रात्री घरी गेल्यावर शांतपणे बघायचं काम ते.

याचं कारण कार्डाच्या रचनेत आहे. कार्डावर फोटो असतात आणि कुठला फोटो कुठे ठेवलाय याची एक नोंदवही असते. साधारणपणे ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांत ही नोंदवही फॅट३२ पद्धतीची असते, त्याहून मोठ्या कार्डांत एक्सफॅट पद्धतीची. तुम्ही फोटो डिलीट करता तेव्हा कॅमेरा फक्त नोंद खोडतो आणि ती जागा ‘मोकळी’ म्हणून लिहितो. कॅमेऱ्यातलं नेहमीचं फॉरमॅटही एवढंच करतं, फक्त सगळ्या नोंदी एकदम पुसतं. लिहिण्याच्या मधेच बॅटरी संपली तर नोंदवहीचं पान अर्धवट राहतं, आणि मग कॅमेऱ्याला अख्खं कार्ड अनोळखी वाटायला लागतं. सातबाऱ्यावरचं नाव गेलं म्हणून रान जागचं हलत नाही, पण मोकळं समजून दुसऱ्याने त्यात नांगर घातला की जुनं पीक गेलंच. कार्डावर नांगर घालणारा तो नवा फोटो.

आता काही खोट्या धोक्यांबद्दल. कार्ड बिघडलं म्हणून आणलेल्या कार्डांतली बरीच कार्डं धडधाकट असतात.

सगळ्यात वरचा संशय कार्ड रीडरवर घ्या. एसडीएचसीच्या काळातला जुना रीडर ६४ जीबीचं एसडीएक्ससी कार्ड ओळखेलच असं नाही. तो ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही’ असं ठोकून देतो आणि माणूस घाबरतो. एखाद्या दुकानात अजून विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक असतो. त्यात एक्सफॅट वाचण्याची सोय वेगळी टाकलेली नसेल, तर तोही हेच म्हणणार. तेव्हा निदान दोन रीडर आणि दोन संगणकांवर बघितल्याशिवाय कार्डाला दोष देऊ नका. मायक्रो एसडी असेल तर तिचा ॲडॅप्टर बदलून बघा. कार्डाबरोबर फुकट आलेले ॲडॅप्टर वर्षा-दोन वर्षांत ढिले होतात, आणि बिघाड तिथेच सापडतो.

लॉकचा खटका हे दुसरं ठिकाण. पाकिटात घासून तो आपोआप सरकतो, किंवा तुटून पडतो. मग कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ म्हणत बसतो. खटका म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा, आत त्याला वायर जोडलेली नाही. तो सरकलाय का एवढंच रीडर चाचपून बघतो. तुटलेल्या जागी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की कार्ड पुन्हा लिहितं. अडल्या वेळेपुरतं हे ठीक. पट्टी लावलेलं कार्ड पुढच्या लग्नाला मात्र नेऊ नका, पट्टी सुटून कॅमेऱ्यात अडकते.

तिसरं, संगणकावर फोटोचं नाव बदललं किंवा फोटो जरा सुधारून परत कार्डावर टाकला, तर कॅमेरा ‘हा फोटो दाखवता येत नाही’ म्हणतो. कॅमेऱ्यांची फोल्डर आणि नावं ठेवायची पद्धत ठरलेली आहे. डीसीआयएम नावाचं फोल्डर, त्यात आकड्याने सुरू होणारी उपफोल्डरं, त्यात ठरावीक लांबीची नावं. या चौकटीबाहेरचं काही दिसलं की कॅमेरा ते वाचायचं नाकारतो. फोटो सुखरूप असतो. एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात घातल्यावर ‘फोटो नाहीत’ दिसतं, त्याचं मूळही बऱ्याचदा इथेच असतं.

आणि चौथा आपल्या भागातला खास शत्रू, भंडारा. जत्रेत उधळलेली हळद कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बसते, घामाच्या हाताने ती लिंपली जाते. गुलालही तसाच. पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेतलेल्या कापसाच्या काडीने. कॅमेऱ्यातल्या खाचेत काडी घालू नका, आतल्या पिना वाकल्या तर खर्च कार्डाच्या कितीतरी पट. तिथे रबरी ब्लोअर वापरा. तोंडाची फुंकर नको, तिच्यात थुंकी असते.

हे सगळं बघूनही कार्ड उघडत नसेल, किंवा उघडतंय पण फोटो नाहीत, तर मग खरं काम सुरू होतं.

संगणकापुढे बसल्यावर

कार्ड लावताच विंडोज विचारेल, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?’ रद्द करा. थोड्या वेळाने विचारेल, ‘डिस्कमध्ये दोष आहे, दुरुस्त करू?’ तेही रद्द करा. मोहात पाडणारा प्रश्न हा दुसरा आहे, कारण ‘दुरुस्त’ हा शब्द गोड वाटतो. चेकडिस्क नावाची ती सोय नोंदवहीचा मेळ बसवते, तुमच्या फोटोंची काळजी तिच्याकडे नाही. मेळ बसत नसलेले तुकडे ती सीएचके शेपटीच्या फायलींत कोंबते आणि फायलींची लांबी कापते. कार्ड स्वच्छ होतं, वऱ्हाड मात्र गायब. फोटो निघाल्यानंतर चालवायची ती गोष्ट आहे.

लॉकचा खटका आधीच ओढायला सांगितलं, त्याचं कारणही इथेच आहे. कार्ड नुसतं लावलं तरी विंडोज आणि मॅक दोघेही त्यावर स्वतःच्या बारीकसारीक लपलेल्या फायली लिहितात. लॉक असलं की बहुतेक रीडर लिहू देत नाहीत. काही स्वस्त रीडर खटक्याला जुमानत नाहीत, म्हणून त्यावरच विसंबू नका.

पहिलं काम म्हणजे अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत काढणं. फोटोंची नव्हे, कार्डाची. चांगल्या-वाईट प्रत्येक कप्प्यातलं सगळं एका मोठ्या फाइलमध्ये उतरवायचं. याला इमेज म्हणतात. विंडोजवर ‘विन३२ डिस्क इमेजर’ हे फुकट साधन त्यासाठी चालतं. त्यात ‘रीड’ आणि ‘राइट’ अशी दोन बटणं शेजारी शेजारी आहेत. ‘रीड’ म्हणजे कार्डावरून संगणकावर. चुकून ‘राइट’ दाबलं तर गोष्ट संपली. कार्ड वाचताना अडखळत असेल, मधेच थांबत असेल, तर लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू अधिक चांगलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब जागांवर नंतर पुन्हा पुन्हा जातं. मरणाच्या वाटेवरच्या कार्डासाठी हा क्रम फार महत्त्वाचा असतो.

वेळ लागेल. जुना यूएसबी २ चा रीडर सेकंदाला वीसेक एमबी वाचत असेल तर ६४ जीबीच्या कार्डाला तासभर धरा. लॅपटॉप वापरा, किंवा संगणकाला यूपीएस असू द्या. लाईट कधी जाईल याचा भरवसा असलेलं गाव निदान आमच्या तालुक्यात तरी दाखवा. इमेज मिळाली की मूळ कार्ड डबीत बंद. इथून पुढच्या सगळ्या चुका त्या इमेजवर होऊ देत, हवी तेवढी वेळ पुन्हा सुरुवात करता येते.

नुकतेच डिलीट झालेले थोडे फोटो असतील आणि कार्ड एरवी ठणठणीत असेल, तर रेकुव्हासारखं साधन पुरतं, आणि फायली मूळ नावांसकट परत येऊ शकतात. नोंदवहीच फाटली असेल तर फोटोरेक घ्या. क्रिस्तोफ ग्रेनिये या फ्रेंच प्रोग्रामरने लिहिलेलं हे साधन पूर्ण मोफत आहे, आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. त्याचं भावंड टेस्टडिस्क हरवलेलं विभाजन शोधायला उपयोगी पडतं. फोटोरेक नोंदवहीकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, ती खूण शोधत ते कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं आणि खूण सापडली की तिथून फाइल उचलतं. जेपीईजी तर ओळखतंच, पण कॅनन, निकॉन, सोनीच्या रॉ फायलीही ओळखतं. त्याची काळी खिडकी बघून बिचकत असाल तर ‘क्यूफोटोरेक’ नावाचा खिडक्या-बटणांचा अवतार त्याच संचात मिळतो. त्यात कार्डाऐवजी तुमची इमेज फाइल निवडा.

सापडलेले फोटो कुठे ठेवायचे असं विचारलं की संगणकाची किंवा बाहेरची हार्ड डिस्क सांगा. कार्डावरून काढलेले फोटो त्याच कार्डावर जतन करणारे लोक आहेत, आणि ते फार हळहळतात.

हाती येईल तो ढीग असेल हे आधीच ओळखा. नावं गेलेली, फोल्डर गेलेली, मागच्या हंगामातल्या दुसऱ्याच कुणाच्या हळदीचे फोटो मधेच आलेले, शेकडो बारकी थंबनेल. घाबरू नका. फोटो काढल्याची तारीख आणि वेळ फोटोच्या पोटात असते, ती सहसा शाबूत राहते. कुठल्याही चांगल्या फोटो-कॅटलॉगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘काढल्याची वेळ’ या क्रमाने लावा, सोहळा आपोआप उलगडतो. अर्थात कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर असेल तर. आज लेख बाजूला ठेवून ते घड्याळ लावण्याचं एवढं एक काम केलंत तरी चालेल.

सोनीचे कॅमेरे कधी कधी ‘इमेज डेटाबेस फाइलमध्ये त्रुटी, दुरुस्त करायची का?’ विचारतात. ही बाब तुलनेने किरकोळ असते, कॅमेऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली यादी विस्कटलेली असते. तरी ‘हो’ म्हणण्याआधी फोटो संगणकावर उतरवून घ्या.

काय परत येतं, काय येत नाही

इथे आशा दाखवून पैसे उकळणारे बरेच, म्हणून स्पष्ट लिहितो. ज्या जागेवर नवीन फोटो लिहिला गेला, तिथला जुना फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरने येत नाही. कॅननच्या कॅमेऱ्यांत फॉरमॅट करताना ‘लो लेव्हल फॉरमॅट’ अशी खूण करायची सोय असते. ती केली असेल तर कार्ड खरोखर कोरं झालं, तिथे वेळ घालवू नका. अर्धा फोटो दिसतो आणि खाली राखाडी पट्टा, असे फोटो निघाले तर तो खालचा भाग कार्डावरच नाही. ‘फोटो रिपेअर’ म्हणून विकली जाणारी साधनं तो नव्याने निर्माण करू शकत नाहीत.

व्हिडिओचं दुखणं वेगळं. एमपी४ फाइलचं चित्रण कुठे कसं आहे याची सूची बरेच कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवताना, सगळ्यात शेवटी लिहितात. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी निघाली किंवा ड्रोन उसाच्या फडात जाऊन आदळला, की सूची लिहायची राहून जाते. फाइल दोन-चार जीबीची दिसते आणि कुठल्याच प्लेअरवर चालत नाही. ती फेकू नका. अनट्रंक नावाचं मोफत साधन त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगमध्ये काढलेली एक चांगली क्लिप नमुना म्हणून घेतं आणि त्यावरून सूची पुन्हा रचतं. दरवेळी जमत नाही, पण जमतं तेव्हा पूर्ण वरात परत मिळते. म्हणून असा अपघात झाला की त्याच सेटिंगवर अर्ध्या मिनिटाचा साधा व्हिडिओ दुसऱ्या कार्डावर काढून ठेवा, सेटिंग नंतर कुणाला आठवत नाही. व्हिडिओ कार्डावर तुकड्या-तुकड्यांत पसरलेला असेल तर फोटोरेकचाही त्यापुढे फारसा इलाज चालत नाही.

बनावट कार्डांवर मात्र इलाज नाहीच. एक टीबीचं मायक्रो एसडी शे-दोनशे रुपयांत कुणी देत असेल, तर आत आठ-सोळा जीबीची चिप आहे आणि तिच्या नियंत्रकाला खोटं बोलायला शिकवलंय. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यानंतरचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा हवेत जातात. यादीत नावं दिसतात, आकार दिसतात, उघडत काही नाही. फोटो मुळात साठवलेच गेले नव्हते, तर परत कुठून आणणार? नवीन कार्ड आणलं की कामावर नेण्याआधी तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३. दोन्ही फुकट. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताळा करतात. रात्रभर लावून ठेवायचं काम.

कार्ड कुठल्याच रीडरमध्ये दिसत नसेल, हाताला चटका लागेल इतकं तापत असेल किंवा वाकलं असेल, तर घरचे उपाय थांबवा. आतला नियंत्रक गेलेला असतो, आणि फोटो ज्या चिपमध्ये आहेत तिच्यापर्यंत थेट पोचावं लागतं. मायक्रो एसडीत हे सगळं एकाच तुकड्यात ओतलेलं असतं. वरचा लेप खरवडून केसाएवढ्या तारा जोडून वाचन करतात. हे काम मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत होत नाही, त्यासाठी पुणे-मुंबईच्या प्रयोगशाळा गाठाव्या लागतात आणि बिल हजारांत येतं. कार्ड देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. तपासणीचे पैसे वेगळे की कसे, फोटो नाही निघाले तर किती द्यायचे, आणि काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत कधी पुसली जाईल. निघालेल्या फायलींची यादी किंवा लहान नमुने बघितल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. घरातल्या बाया-मुलींचे फोटो परक्या माणसाच्या संगणकावर जाणार असतात, तेव्हा संकोच न करता विचारा.

उजनीच्या कडेला

हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या पाण्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या पहाटेच येऊन उभ्या राहतात. रोहित पक्ष्यांचा थवा पाण्यावरून उठला की नावेतला प्रत्येक जण बटण दाबून धरतो. सेकंदाला दहा-वीस फोटो कॅमेरा काढतो खरा, पण ते कार्डावर उतरायला वेळ लागतो. तोवर ते कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत रांगेत असतात. नेमकं तेव्हा, कार्ड भरलं म्हणून घाईघाईने झाकण उघडलं तर रांगेतले फोटो जातातच, नोंदवहीही अर्धवट फाटते. लाल दिवा विझेपर्यंत झाकणाला हात नको. बॅटरीची शेवटची काडी लुकलुकत असताना बर्स्ट मारू नका. पहाटेच्या गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते, दुसरी खिशात अंगाशी धरून ठेवा. चिंचेवरच्या चित्रबलाकांसाठी इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात कॅमेरा घेऊन उभे राहणाऱ्यांना एवढी घाई नसते. तिथला पक्षी घरट्यावर बसूनच असतो.

नावेत कार्ड बदलायचंच असेल तर मांडीवर पिशवी पसरून बदला. तरी पडलंच पाण्यात आणि सापडलं, तर लगेच कॅमेऱ्यात घालून बघू नका. ओल्या कार्डाला वीज मिळाली की साधी ओल कायमच्या बिघाडात बदलते. उजनीच्या पाण्यात गाळ असतो, तो पट्ट्यांवर वाळू देऊ नका. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा आणि एक-दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. हेअर ड्रायर नको, ऊन नको, तांदळाचा डबा तर मुळीच नको, कोंडा पट्ट्यांत जातो. कॅमेराच बुडाला असेल तर आधी बॅटरी काढा, मग कार्ड. कॅमेरा वाचेल न वाचेल, कार्ड बहुतेक वाचतं. आषाढातल्या वारीत छत्रीखाली भिजलेल्या कॅमेऱ्यालाही हेच लागू.

मोबाइलबद्दल थोडक्यात. फोनच्या अंतर्गत साठवणीतून पूर्ण डिलीट झालेला फोटो कार्डासारखा खरवडून निघत नाही. तिथला डेटा कुलूपबंद लिहिलेला असतो आणि मोकळी झालेली जागा फोन स्वतःच साफ करतो. आधी कचऱ्याची टोपली बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर टोपलीत ६० दिवस राहतो, बॅकअप नसलेला ३० दिवस. आयफोनमध्येही महिनाभर असतो. फोनमधलं मायक्रो एसडी ‘अंतर्गत साठवण’ म्हणून जोडलेलं असेल तर ते त्या फोनशिवाय वाचता येत नाही. किल्ली फोनमध्ये असते. अशा वेळी फोन रिसेट करणं म्हणजे किल्ली विहिरीत टाकणं. आणि ‘हरवलेले फोटो एका क्लिकमध्ये’ म्हणणारी ॲप उतरवू नका. ती सगळे फोटो बघायची परवानगी मागतात आणि थंबनेल हातात देतात.

लग्नाचं काम घेणाऱ्यांसाठी

इथे थोडं कडक बोलतो. लग्नाचे फोटो कार्डाच्या बिघाडाने जातात त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा कॉपी करताना जातात. दोन फोटोग्राफर, दोन एकसारखे कॅमेरे. दोघांच्याही कार्डात आयएमजी ०००१ पासून फोटो. दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली, संगणकाने ‘बदलू का?’ विचारलं, दमलेल्या पोराने ‘सगळे बदला’ दाबलं. नवरदेवाकडची सगळी पूजा गेली, आणि ती गेल्याचं अल्बमच्या वेळी कळलं. प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर करा, त्याला तारीख आणि कॅमेऱ्याचं नाव द्या. फोटो ‘कट-पेस्ट’ कधीच करू नका, फक्त कॉपी. मधेच लाईट गेली तर कटमधल्या फायली ना इकडे ना तिकडे अशा राहू शकतात. कॉपी झाल्यावर फोटोंची संख्या जुळवा, सुरुवातीचे, मधले, शेवटचे उघडून बघा. टेराकॉपीसारखं ताळा करणारं साधन असेल तर उत्तम.

दोन खाचांचा कॅमेरा घेतला म्हणजे काम झालं असं समजू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत दुसरी खाच पहिली भरल्यावर वापरायची, अशीच सेटिंग कंपनीतून येते. ती बदलून ‘बॅकअप’ करा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जाईल. कार्ड फक्त कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, संगणकावर नको, आणि तेही दोन प्रती झाल्याची खात्री केल्यावर. २५६ जीबीच्या एका कार्डावर हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळं ठेवण्यापेक्षा ६४ची चार बरी, एक गेलं तर एकच विधी जातो. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला हिशेब साधा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. स्टुडिओत दोन हार्ड डिस्क एकाच टेबलावर ठेवणं ही दुसरी जागा नव्हे, चोर दोन्ही उचलतो. एक घरी न्या.

ग्राहकाशी बोलतानाही तेच शहाणपण. फोटो गेले तर त्या दिवशीच सांगा. उशीर झाला की पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटोही पुसले जातात. लगेच कळलं तर दोन्ही घरांकडून सगळ्यांच्या फोनमधले मूळ फोटो गोळा करता येतात, तेही व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवून, म्हणजे आकार घटत नाही. पैसे घेऊन फोटो न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतली त्रुटी ठरू शकते. ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागू शकतो आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. नुकसानभरपाई फीच्या रकमेपुरतीच मागता येते असंही नाही. म्हणून फोटो किती प्रतींत ठेवणार, किती दिवस ठेवणार, अपघात झाला तर काय, हे बुकिंगच्या पावतीवर चार ओळींत लिहा. वधुपित्यानेही विचारावं. मांडव, केटरर्स, घोडा यांची इतकी चौकशी होते, तर ‘कॅमेऱ्यात दोन कार्डं चालू असतात का?’ हा एक प्रश्न जड नाही.

एकदा एरर दिलेलं कार्ड, फोटो निघाल्यावर, पूर्ण भरून ताळा करून तपासा. रीडर किंवा बॅटरी हेच कारण होतं असं सिद्ध झालं तर ठेवा. नाहीतर ते कामातून काढा. दोन-तीन हजारांसाठी दुसऱ्याच्या लग्नाचा जुगार नको. चांगल्या कार्डातही फोटो वर्षानुवर्षं ठेवू नका. त्यातल्या कप्प्यांतला विद्युतभार हळूहळू गळतो, ती साठवणीची पेटी नाही.

काढून टाकलेलं कार्ड कुणाला देणार असाल तर नेहमीच्या फॉरमॅटवर भागवू नका. वर सांगितलेलं फोटोरेक घेणाऱ्यालाही फुकटच मिळतं. विंडोजमध्ये फॉरमॅटच्या खिडकीतली ‘क्विक’ची खूण काढा, म्हणजे सगळ्या कार्डावर शून्यं लिहिली जातात. ज्यावर काही लिहिताच येत नाही असं मेलेलं कार्ड कापून टाका. कडेचं प्लॅस्टिक कापून उपयोग नाही, आतली चिप दुभंगली पाहिजे. त्यासाठी पत्रा कापायची कात्री घ्या, मधोमध कापा आणि तुकडे ई-कचऱ्यात द्या.